चैत्रांगणातली बोट : ग्वाल्हेरचे चार दिवस

१ एप्रिल, झेलममध्ये

झेलम ही फौजींची गाडी. संध्याकाळी पुणे स्टेशनवर काळ्या लोखंडी ट्रंका, होल्डॉल आणि कुठल्यातरी आईने शेवटच्या क्षणी खिडकीतून कोंबलेला लाडवांचा डबा, हे दृश्य मी लहानपणापासून पाहत आले आहे. बाबांना ग्वाल्हेरला जायला दुसरी गाडी चालतच नाही. १९६६ साली, सोळाव्या वर्षी, ते ग्वाल्हेर सोडून लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजी या नौदलाच्या प्रशिक्षण तळावर आर्टिफिसर, म्हणजे जहाजावरचा तंत्रज्ञ, व्हायला आले आणि पुढची कितीतरी वर्षं नौदलाच्या जहाजांच्या इंजिनरूममध्ये राहिले. आता शहात्तरचे आहेत. गुडघे कुरकुरतात, पण डब्यात एखादा जवान दिसला की "कुठली पलटण?" हा प्रश्न अजून पहिल्यासारखाच खणखणीत निघतो.

या खेपेला निघण्याचं कारण गेल्या ऑगस्टात सुरू झालं. २६ ऑगस्ट २०२५ ला विशाखापट्टणमला उदयगिरी आणि हिमगिरी ही दोन नवी जहाजं नौदलात दाखल झाली. एक मुंबईच्या माझगाव गोदीतलं, दुसरं कोलकात्याचं. बाबा टीव्हीसमोर बसले होते. उदयगिरीवर निशाण चढलं तेव्हा ते खुर्चीचा हात धरून उभे राहिले. बाबांची स्वतःची उदयगिरी १९७६ साली दाखल झाली आणि २००७ साली निवृत्त झाली. निवृत्तीच्या संध्याकाळी ते मला बरोबर घेऊन गेले होते. सूर्य मावळताना निशाण आणि कमिशनिंग पेनंट, म्हणजे जहाज दाखल झाल्या दिवसापासून डोलकाठीवर फडकणारी ती लांबट पट्टी, शेवटची उतरवली गेली. तेव्हा ते काही बोलले नव्हते. टीव्हीसमोर मात्र म्हणाले, "नाव परत समुद्रावर गेलं."

त्याच आठवड्यात ग्वाल्हेरहून आत्याचा फोन आला. जुन्या घराची मागची खोली रिकामी करताना आजोबांची, म्हणजे माझ्या पणजोबांची, पत्र्याची पेटी सापडली होती. पणजोबा शिंद्यांच्या फौजेत होते आणि पहिल्या महायुद्धात समुद्रापार गेले होते, एवढंच आम्हाला ठाऊक. बाबा म्हणाले, जायचं ते एप्रिलात. पाच एप्रिलला ग्वाल्हेरमध्ये असायचं.

पाच एप्रिल का, ते त्यांनी गाडीत सांगितलं, आणि ती गोष्टही रेल्वेच्या डब्यातच सुरू होते. १९१९ साली सोलापूरचे वालचंद हिराचंद दिल्लीहून मुंबईला येत होते. सांगतात की डब्यात एक इंग्रज भेटला. तो ग्वाल्हेरच्या महाराजांची विक्रीला काढलेली एक आगबोट बघायला मुंबईला निघाला होता. वालचंदांनी मुंबईत उतरून ती बोट स्वतः पाहिली, नरोत्तम मोरारजी आणि आणखी काही भागीदार जमवले आणि विकत घेतली. ५ एप्रिल १९१९ ला ती मुंबईहून लंडनला निघाली. हिंदी मालकीच्या कंपनीची बोट परदेशाच्या मार्गावर इंग्रज कंपन्यांच्या स्पर्धेत उतरली, म्हणून १९६४ पासून हा दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात.

"आणि बोटीचं नाव होतं लॉयल्टी," बाबा म्हणाले. "म्हणजे राजनिष्ठा. इंग्रजांशी." समोरच्या बाकावरचा साताऱ्याकडचा जवान पोरगा गाल फुगवून ऐकत होता. त्याने विचारलं, "मग त्यांनी नाव बदललं नाही?"

बाबा खिडकीबाहेर बघायला लागले. हा प्रश्न माझ्या डोक्यात पुढचे चार दिवस राहिला.

२ एप्रिल, लष्कर

सकाळी नर्मदा ओलांडताना बाबांनी नाणं टाकलं. झाशी गेली तशी हवा भट्टीसारखी झाली आणि दुपार कलताना आम्ही ग्वाल्हेरला उतरलो.

आत्या लष्करात राहते. नवख्या माणसाला सांगायला हवं, की लष्कर हे इथे शहराच्या भागाचं नाव आहे. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याखाली तळ टाकला, तो परत उठलाच नाही. राहुट्यांच्या जागी वाडे आले, पेठा आल्या, पण नाव तळाचंच राहिलं. जवळच कंपू आहे, ते कॅम्पचं झालेलं रूप. म्हणजे इथे माणूस भाजी आणायला निघाला तरी फौजेच्या नावावरूनच जातो. समुद्र कुठल्याही बाजूने शेकडो किलोमीटर लांब.

आत्या एक्क्याऐंशीची. दारातच म्हणाली, "थकून आला असाल ना. पहिले पाणी पिऊन घ्या. पेटी मी पहिलेच निकालून ठेवली आहे." आमच्या ग्वाल्हेरी मराठीत आधीच्या जागी पहिले येतं आणि काढून ठेवण्याच्या जागी निकालून. दोनशे वर्षं हिंदीच्या शेजारात राहून ही भाषा टिकली आहे आणि मला तिचा फार लोभ आहे. आजूबाजूचे लोक आम्हाला अजून दक्षिणी म्हणतात.

पण बाबांनी पेटीला हात लावला नाही. "उद्या-परवा बघू, अक्का. आधी तिला बोट सांगू दे." मला बोट सांगायची म्हणजे मी गेल्या काही महिन्यांत जे वाचत होते ते. रात्री गच्चीवर गाद्या घातल्या, आणि मी सांगायला लागले.

लॉयल्टी हे त्या बोटीचं दुसरं नाव. पहिलं नाव एम्प्रेस ऑफ इंडिया. इंग्लंडमधल्या बॅरो गावी कॅनेडियन पॅसिफिक कंपनीसाठी ती बांधली गेली, आणि ३० ऑगस्ट १८९० ला लेडी लुईझा एगर्टन यांच्या हस्ते तिचं नामकरण होऊन ती पाण्यात उतरली. सुमारे ५,९०० टनांची, १४८ मीटर लांब, तीन डोलकाठ्या, दोन धुराडी, दोन पंखे, वेग १६ नॉट. व्हँकुव्हर, योकोहामा, हाँगकाँग अशी टपाल आणि प्रवासी घेऊन तिची पॅसिफिकवरची फेरी असे. १८९३ च्या जुलैत योकोहामाहून व्हँकुव्हरला निघालेल्या तिच्या फेरीत दोन हिंदी प्रवासी होते, स्वामी विवेकानंद आणि जमशेटजी टाटा. स्वामी शिकागोच्या सर्वधर्म परिषदेला चालले होते.

आत्या गादीवर उठून बसली. "आपल्या बोटीत? विवेकानंद?"

"तेव्हा ती आपली नव्हती, आत्या. एकवीस वर्षांनी झाली."

१९१४ साली लढाई पेटली आणि वर्षाच्या अखेरीस माधवराव महाराजांनी ती विकत घेतली. इतर संस्थानिकांच्या सहभागाने ती इस्पितळ-बोट करायची, जखमी हिंदी शिपायांसाठी, अशी योजना होती. मुंबईत तिची डागडुजी झाली आणि जानेवारी १९१५ मध्ये तिला लॉयल्टी हे नाव मिळालं. महाराजांना हा विचार नवा नव्हता. १९०० च्या चीनच्या मोहिमेत त्यांनी स्वतःच्या खर्चाने एक इस्पितळ-बोट दिली होती, आणि तिचं नाव होतं ग्वाल्हेर. ते स्वतःही त्या मोहिमेवर गेले होते. समुद्र न पाहिलेल्या आमच्या गावाचं नाव एका बोटीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, लिहिलं गेलं होतं, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. शाळेत कुणी सांगायला हवं होतं.

बाबांना राहवलं नाही. खलाशी बोटीचं नाव बदलायला का कचरतात ते सांगायला लागले. पाण्यात उतरताना जे नाव घेतलं त्या नावाने समुद्र तिला ओळखतो, अशी जुनी समजूत. आत्या म्हणाली, लग्नात आमची बदलायचे ती नावं, त्याला कोण कचरलं? तिचं माहेरचं नाव मला त्या रात्री पहिल्यांदा कळलं.

३ एप्रिल, जयविलास

सकाळी बेढई आणि जिलबी. मग जयविलास. १८७४ साली जयाजीरावांनी बांधलेला हा राजवाडा, वास्तुकार मायकेल फिलोज. संग्रहालयाचं वर्णन सगळेच करतात, म्हणून मी करत नाही. दोन गोष्टींपाशी मात्र आम्ही खूप वेळ थांबलो.

एक दरबार हॉल. तिथली दोन झुंबरं प्रत्येकी साडेतीन टनांची. ती टांगण्याआधी छताची ताकद बघायला वर आठ हत्ती चढवले, ही गोष्ट प्रत्येक मार्गदर्शक सांगतो आणि ऐकणारे हसतात. बाबा हसले नाहीत. "ट्रायल घेतली," ते म्हणाले. "बरोबर केलं." मग मान वर करून मला समजावत राहिले, की जहाजाचंही असंच. आधी कणा घालतात, म्हणजे कील. मग सांगाडा चढतो, पत्रे बसतात, आणि पोकळ जहाज पाण्यात सोडतात. ते जलावतरण. त्या वेळी आत इंजिनं बहुतेक बसलेली असतात, पण तोफा, यंत्रणा, केबल, खलाशांचे बंक, सगळं पुढे दोन-चार वर्षं धक्क्याला बांधून चालतं. मग समुद्रातल्या चाचण्या. बॉयलर पूर्ण ताकदीने चालवायचे, इंजिनं एकदम उलटी फिरवायची, कुठे काय तुटतं ते बघायचं. आणि हे सगळं पार पडलं की कमिशनिंग. कप्तान वॉरंट वाचतो, निशाण चढतं, आणि त्या क्षणापासून नावाच्या आधी आयएनएस लागतं. लोक जलावतरण आणि कमिशनिंग यांत नेहमी गल्लत करतात आणि वर्तमानपत्रंही करतात, याचा बाबांना मनापासून त्रास होतो. नाव ठेवणं आणि कामाला लागणं यांत वर्षांचं अंतर असतं, हे त्यांचं म्हणणं.

दुसरी गोष्ट चांदीची आगगाडी. जेवणाच्या टेबलावर रुळ, आणि त्यावरून पाहुण्यांसमोर मद्य आणि सिगार नेणारी छोटी गाडी. तिच्या सात डब्यांवर इंग्रजी स्पेलिंगमधलं एकेक अक्षर आहे: एस, सी, आय, एन, डी, आय, ए. बाबा बोटाने हवेत एकेक अक्षर मोजत होते. मला वाटलं, दमले. म्हणाले, "हे स्पेलिंग मी बसवर वाचायचो."

विशाखापट्टणमला नौदलाच्या गोदीजवळ सिंधिया नावाचा भाग आहे. बाबांची तिथे नेमणूक होती तेव्हा ते रोज बसमध्ये "सिंधिया एक" म्हणून तिकीट काढत. ग्वाल्हेरचा मुलगा, आणि हे नाव इथे कुठून आलं हे विचारायचं सुचलं नाही. वालचंदांनी लॉयल्टी घेतली तेव्हा कंपनीला शिंद्यांचंच नाव दिलं होतं, सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी. त्याच कंपनीने पुढे विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा कारखाना काढला. २१ जून १९४१ ला राजेंद्रप्रसादांनी त्याची पायाभरणी केली. १४ मार्च १९४८ ला तिथलं पहिलं जहाज, जल-उषा, पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलं. कारखाना पुढे सरकारचा झाला, हिंदुस्तान शिपयार्ड. कंपनी गेली, बोटी भंगारात गेल्या, पण बसचा थांबा राहिला.

आणि त्या जवान पोराच्या प्रश्नाचं काय? मी राजवाड्याच्या पायऱ्यांवर बसून तोच विचार करत होते. वालचंदांनी नाव बदललं नाही. कारण साधंही असू शकतं, मार्चअखेरीस कंपनी नोंदवली आणि आठवड्याभरात बोट निघाली, रंग द्यायला वेळ कुणाला? पण मला असं वाटतं, की इंग्रज कंपन्यांच्या मक्तेदारीला आव्हान द्यायला निघालेल्या माणसांना ते नाव मोडायची गरजच वाटली नसेल. निष्ठा कुणाशी ते नाळेवर कुठे लिहिलं होतं? ब्रिटिश कंपन्यांनी भाड्याचे दर पाडून या नव्या कंपनीचा गळा दाबायचा प्रयत्न केला, तरी ती टिकली. बोट मात्र म्हातारी होती. १९२३ साली मुंबईत तिची मोडतोड झाली.

संध्याकाळी महाराज बाड्यावर लाडू घेतले. बाबा फार चालले त्या दिवशी. रात्री पाय चेपून दिले.

४ एप्रिल, पेटी

सकाळी लवकर फुलबागेत झाशीच्या राणीच्या समाधीला गेलो. जून १८५८ मध्ये ती इथेच पडली. आम्ही दोघं नुसते उभे राहिलो. निघताना बाबा म्हणाले, "तटरक्षक दलात लक्ष्मीबाई होती. ताराबाई होती, अहिल्याबाई होती. एकाच वर्गातली गस्तीजहाजं." मला ही यादी फार आवडली. या तिघींपैकी एकीनेही आरमार हाकलं नाही, पण किनाऱ्यावर रात्रभर जागं राहायला याहून चांगली नावं कुठली मिळणार? नौदलाच्या किनाऱ्यावरच्या तळांनाही आयएनएसच म्हणतात. लोणावळ्याला शिवाजी, मुंबईला आंग्रे. २०२२ साली विक्रांत दाखल झाली त्या दिवशी नौदलाचं निशाण बदललं आणि त्यात शिवाजी महाराजांच्या मुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. ते निशाण बाबांनी छापून कपाटावर चिकटवलं आहे.

किल्ला मी एकटीच चढून आले. चतुर्भुज मंदिरातलं शून्य बघितलं, मान मंदिराच्या निळ्या फरशा बघितल्या, उन्हाने डोळे मिटायला लागले तशी परतले. खरं लक्ष पेटीत होतं.

दुपारी, जेवणं झाल्यावर, आत्याने पेटी मध्ये ठेवली. हिरवा रंग उडालेला पत्रा. आत एक पितळी तांब्या, लोकरीच्या कांबळ्याचा तुकडा, देवाचं एक छोटं पुस्तक पानं चिकटलेलं, आणि फडक्यात बांधलेलं चांदीचं पदक. एका बाजूला राजा पंचम जॉर्ज. दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा उघडा पुरुष, त्याच्या डाव्या-उजव्या अंगाला १९१४ आणि १९१८. फीत कधीच गळून गेली होती.

मला वाचून माहीत होतं ते सांगितलं. या पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठसवलेली असते. जाडी जेमतेम बोटाच्या नखाएवढी. बाबांनी चष्मा पुसला, आत्याने नातवाचं भिंग आणलं आणि आम्ही तिघंही खिडकीपाशी गेलो. बाबा एकेक अक्षर वाचत होते आणि मी लिहून घेत होते. नंबर. हुद्दा. मग नाव. नाव चुकीचं होतं, म्हणजे आमच्या घरी जसं उच्चारतात तसं नव्हतं. टांकसाळीतल्या कुणा कारकुनाने ऐकलं तसं लिहिलं. आडनाव तर नाहीच. आणि शेवटी चारचा आकडा आणि ग्वाल्हेर.

चौथी ग्वाल्हेर पलटण इजिप्तमध्ये होती. सुएझ कालव्याच्या राखणीला जी विसावी हिंदी ब्रिगेड उभी केली तिच्यात अलवर, पटियाळा आणि ग्वाल्हेर या संस्थानांचं पायदळ होतं. तिसऱ्या पलटणीतले लोक नोव्हेंबर १९१४ मध्ये पूर्व आफ्रिकेत टांगाच्या किनाऱ्यावर उतरले होते. तिथली चढाई पार फसली होती. समुद्र न पाहिलेली माणसं, मुंबईच्या धक्क्यावर पहिल्यांदा आगबोट बघतात आणि तिच्या पोटात उतरतात. बाबांनी सुएझ अनेकदा ओलांडला आहे. दोन्ही काठांवरची वाळू डेकवर उभं राहून पाहिली आहे. आपले आजोबा त्या वाळूत बसले होते हे त्यांना त्या खिडकीपाशी कळलं.

"मिसर," आत्या म्हणाली. "ते मिसर म्हणायचे. मी समजायची की मिश्र. आणि सांगायचे की आजारी पडलो तेव्हा पांढऱ्या बोटीने आणलं."

मी बाबांकडे बघितलं. माझ्या मनात काय आलं ते त्यांना कळलं होतं. पण त्यांनी मान हलवली. "इस्पितळाच्या बोटी सगळ्याच पांढऱ्या असायच्या. तो नियमच होता, लांबून ओळखता यावं, कुणी गोळा टाकू नये म्हणून. लॉयल्टीच होती असं आपण म्हणायचं नाही." त्यांचं बरोबर आहे. इंजिनरूमच्या लॉगबुकात जे मोजलं तेच लिहायचं, ही त्यांची सवय. तरी पदक फडक्यात परत बांधताना त्यांचे हात थरथरत होते.

दिल्लीच्या इंडिया गेटवर तेरा हजारांहून जास्त नावं कोरली आहेत. ती मेलेल्यांची. जे परत आले, तापाने खंगून, आणि मग चाळीस वर्षं लष्करातल्या एका बोळात दळण आणत राहिले, त्यांचं नाव पदकाच्या कडेवर. तेही चुकीचं. मला त्याचा राग आला आणि अजून आहे.

५ एप्रिल, हळदीकुंकू

आत्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. मामा गेल्यावर तिने काही वर्षं ते बंद केलं होतं, मग एके वर्षी स्वतःच पुन्हा सुरू केलं. येईल तिला कुंकू लावते, कोण सवाष्ण आणि कोण नाही हे विचारत नाही. पहाटे उठून तिने अंगणात चैत्रांगण काढायला घेतलं. सूर्य, चंद्र, गोपद्मं, शंख, पालखी, झुला, नाग, हत्ती. हात कापतो, पण रेघ सरळ येते. मी कैऱ्या किसल्या, डाळ वाटली, पन्हं केलं.

दुपारी बायका जमल्या. बहुतेक दक्षिणी घरातल्या, दोघी-तिघी शेजारच्या हिंदीभाषक. भिजवलेले हरभरे, आंब्याची डाळ वाटून झाली. बाबा आतल्या खोलीत बसणार होते, पण आत्यानेच बोलावलं. "आज बोटीचा दिवस आहे ना? सांग यांना, बोटीला कुंकू कसं लावतात."

बाबांना बायकांच्या घोळक्यात बोलायची सवय नाही. सुरुवातीला जमिनीकडे बघून बोलत होते. त्यांनी १९८४ ची गोमती सांगितली. मी त्या दिवशी त्यांच्या खांद्यावर बसले होते, सात वर्षांची. माझगाव गोदी, उतरत्या घसरणीवर उभं प्रचंड राखाडी जहाज, माणसं त्याच्यापुढे मुंग्यांएवढी. भरतीची वेळ काढून ठेवलेली, कारण पाणी हवं तेवढं चढलं नाही तर जहाज अडकतं. घसरणीला चरबी आणि वंगण थापलेलं. अथर्ववेदातले मंत्र म्हटले जातात. मग एक बाई पुढे येते. नौदलाची रीत अशी, की जहाज पाण्यात सोडायचं ते बाईच्या हाताने. ती नाळेला कुंकू लावते, हार घालते, नाव उच्चारते आणि नारळ फोडते. विलायतेत शॅम्पेनची बाटली फोडतात, आपल्याकडे नारळ. नारळी पौर्णिमेला कोळी समुद्राला देतात तोच.

"आणि आपल्या गोदीतले जुने पारशी, वाडिया, लाकडी जहाजं बांधायचे," बाबा आता मान वर करून बोलत होते, "ते कणा घालतानाच त्यात चांदीचा खिळा ठोकायचे. त्यांनी १८१७ साली मुंबईत पाण्यात सोडलेली त्रिंकोमाली इंग्लंडमध्ये अजून तरंगते आहे."

एका शेजारणीने हिंदीत विचारलं, मग जहाज लगेच सुटतं का? बाबा म्हणाले, नाही. नारळ फुटतो, टाळ्या होतात, आणि मग एक क्षण काहीच होत नाही. अडसर काढलेले असतात. हजारो टन लोखंड नुसतं उभं असतं. बांधणाऱ्या कामगारांचे श्वास थांबतात, कारण सगळा हिशेब त्यांचा असतो. मग ते सूतभर हलतं. मागची बाजू आधी पाण्यात जाते. एकदा हललं की कुणाला थांबवता येत नाही.

मला तो क्षण आठवतो. बाबांनी माझे पाय घट्ट धरले होते. आणि तो आवाज आठवतो, साखळदंडांचा, आणि पाणी दोन्हीकडे उसळलं तो. गोमती १९८८ साली दाखल झाली आणि मे २०२२ मध्ये सूर्यास्ताला निवृत्त झाली. त्या बाईचा चेहरा मला आठवत नाही, हात आठवतो. हातभर बांगड्या, आणि बोटाला लागलेलं कुंकू पुसायचं राहून गेलेलं.

"पाठवणीच की," आत्या म्हणाली.

बायका गेल्या तेव्हा ऊन उतरलं होतं. आत्या अंगणात गेली, चैत्रांगणाच्या कडेला थोडी जागा होती तिथे बसली आणि रांगोळीची वाटी मागितली. "डोलकाठ्या किती म्हणालीस?"

"तीन."

"धुराडी?"

"दोन," बाबा पायरीवरून म्हणाले. "नाळ जरा पुढे झुकती काढ, अक्का. जुन्या शिडाच्या जहाजांसारखी होती तिची."

तिने काढली. हत्ती आणि पालखीच्या शेजारी, तीन डोलकाठ्यांची, खाली लाटांच्या तीन रेघा. मग चिमूट उचलून थांबली. "नाव काय लिहू? एम्प्रेस की काय ते, की लॉयल्टी?"

बाबांनी उत्तर दिलं नाही. ते पदक घेऊन बाहेर आले होते, ते त्यांनी बोटीच्या नाळेपाशी फरशीवर ठेवलं. आत्याने त्याच्याकडे बघितलं आणि आजोबांचं नाव लिहिलं, घरी उच्चारतात तसं, आडनावासकट. मग कुंकवाचं बोट पहिले नाळेला लावलं, मग पदकाला.

आमची झेलम दुसऱ्या दिवशी होती. सकाळी निघताना पाहिलं तर रात्रीच्या वाऱ्याने हत्ती अर्धा पुसला होता. बोटीच्या लाटा गेल्या होत्या, नाव वाचता येत होतं. आत्या म्हणाली, अंगण झाडायचं मी दोन दिवस थांबवीन.